चेहऱ्याच्या नसांमधून पसरणारा त्वचेचा कर्करोग: ओळखायचा कसा, तपासायचा कसा, उपचार कुठे आणि कसे

गालावरची, कपाळावरची किंवा ओठाजवळची एखादी गाठ कधीतरी काढलेली असते. जखम भरते, व्रण फिका पडतो आणि घरातले सगळे तो विषय विसरून जातात. मग काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी, त्याच बाजूच्या गालावर मुंग्या चालल्यासारखं वाटू लागतं. दाढी करताना एका बाजूला वस्तरा लागल्याचं कळत नाही. माणूस आधी दातांच्या डॉक्टरकडे जातो, मग 'वारं गेलं' म्हणून मालिश करून घेतो, मग नसांच्या गोळ्या सुरू होतात. जुन्या गाठीबद्दल कुणी विचारत नाही आणि तो स्वतःहून सांगत नाही.

ती गाठ कर्करोगाची असेल तर तो नसेतून आत सरकलेला असू शकतो, आणि या आजारात सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. म्हणून पुढचं काही वाचलं नाही तरी एवढं पक्कं करा: चेहऱ्यावरून, कानावरून किंवा डोक्याच्या कातडीवरून पूर्वी काही काढलं असेल, जाळलं असेल, आणि त्याच बाजूला आता बधिरपणा, मुंग्या, जळजळ किंवा कमजोरी आली असेल, तर या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकाच दमात सांगा. फक्त बधिरपणा सांगितला तर गोळ्या मिळतील. दोन्ही सांगितल्या तर तपासणी होईल.

कुणाला धोका जास्त

नसांच्या आवरणातून सरकण्याची खोड प्रामुख्याने स्क्वॅमस सेल कार्सिनोमाला, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींच्या कर्करोगाला, असते. बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्याच थराच्या तळाच्या पेशींचा कर्करोग, हे करतो, पण बराच कमी वेळा. मेलानोमाचा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचा, डेस्मोप्लास्टिक नावाचा एक दुर्मीळ प्रकारही नसांच्याच मागे लागतो.

आपल्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असल्यामुळे त्वचेचे कर्करोग आपल्याकडे तुलनेने कमी दिसतात. यात एक अडचण आहे. जे क्वचित दिसतं ते डॉक्टरांच्याही चटकन मनात येत नाही. शिवाय भारतीय त्वचेवरचा बेसल सेल कार्सिनोमा बऱ्याचदा काळा, चकचकीत असतो, त्यामुळे तो तीळ किंवा चामखीळ समजून सोडून दिला जातो.

कोकण किनाऱ्यावर कुणी विशेष जपायचं? घाऱ्या डोळ्यांची, गोऱ्या कातडीची माणसं. होडीवर किंवा रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर) वर्षानुवर्षं काम केलेले, कारण पाण्यावरून परतणारं ऊन खालून येतं आणि टोपी ते अडवू शकत नाही. आंब्याच्या, काजूच्या बागेत भर उन्हात राबणारे. जन्मतः रंगद्रव्य नसलेले, म्हणजे अल्बिनिझम असलेले लोक; त्यांना हा धोका फार लवकर, तरुण वयातच सुरू होतो. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर भाजल्याचा जुना व्रण असलेले. आणि किडनी बदललेले रुग्ण: शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू असतात, त्यांच्यामुळे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा जास्त होतो आणि जास्त आक्रमकही होतो.

कोकणात आणखी एक घोळ होतो. हंगामात आंब्याचा चीक गालावर उडून भाजतं, काजूच्या टरफलातल्या तेलाने कातडी काळी पडून सोलते, आणि कुणी चामखिळीवर बिब्बा लावून ती जाळायला बघतं. त्यामुळे गालावरचा डाग किंवा खपली कुणाला वेगळी वाटतच नाही. चिकाची जखम साधारण दोन-तीन आठवड्यांत भरून येते. चार आठवड्यांनीही न भरलेली, पुन्हा पुन्हा खपली धरून रक्त येणारी, कडेने जाड होत जाणारी जखम चिकाची नव्हे; तिचा तुकडा तपासलाच पाहिजे. बिब्बा, चुना किंवा झाडपाल्याचा दाहक लेप लावला की वरची कातडी जळते, आतली गाठ तशीच राहते, आणि पुढे बायोप्सीत जळलेला भागच हाती लागतो.

आजार नेमका कुठून कुठे सरकतो

चेहऱ्याला दोन मोठ्या नसा सांभाळतात. पाचवी कपालनस, म्हणजे ट्रायजेमिनल, स्पर्श कळवते. सातवी, म्हणजे फेशियल, चेहरा हलवते. त्यांच्या बारीक फांद्या थेट कातडीपर्यंत आलेल्या असतात. गाठ अशा एखाद्या फांदीला भिडली की पेशी तिच्या आवरणात शिरतात आणि उलट्या दिशेने, म्हणजे कातडीकडून मेंदूच्या तळाकडे, सरकू लागतात. वर कातडी शाबूत दिसते. म्हणूनच जखम पूर्ण बरी झालेली असताना आत आजार चालू असू शकतो.

ट्रायजेमिनलच्या तीन शाखांचे रस्ते वेगवेगळे आहेत. कपाळ आणि वरची पापणी यांची पहिली शाखा डोळ्याच्या खोबणीतून, सुपिरिअर ऑर्बिटल फिशर नावाच्या फटीतून कवटीत जाते. गाल, नाकाची बाजू, खालची पापणी, वरचा ओठ आणि वरचे दात यांची दुसरी शाखा डोळ्याखालच्या हाडातल्या इन्फ्राऑर्बिटल नळीतून टेरिगोपॅलेटाइन पोकळीत जाते आणि तिथून फोरामेन रोटंडम या छिद्रातून आत शिरते. खालचा ओठ, हनुवटी, कानापुढचा आणि कानशिलाचा भाग यांची तिसरी शाखा फोरामेन ओव्हेलमधून जाते. तिन्ही शाखा आत गॅसेरियन गँग्लिऑन नावाच्या, नसेच्या पेशींच्या पुंजक्यापाशी एकत्र येतात. पहिल्या दोन शाखांची वाट शेजारच्या कॅव्हर्नस सायनस या रक्ताच्या पोकळीमधून जाते आणि तिथेच डोळा हलवणाऱ्या नसाही असतात. म्हणून गाल बधिर असलेल्या माणसाला पुढे एकाची दोन माणसं दिसू लागली, तर आजार तिथवर पोचल्याची शंका घ्यावी लागते.

फेशियल नस कानाखालच्या पॅरोटिड लाळग्रंथीतून जाते आणि कानामागच्या स्टायलोमॅस्टॉइड छिद्रातून हाडात शिरते. कानापुढच्या भागात तिच्या आणि ट्रायजेमिनलच्या फांद्या एकमेकींना जोडलेल्या असतात. आजार एका नसेतून दुसरीत उडी मारतो तो याच जोडांवरून. त्यामुळे आधी गाल बधिर आणि मग तोंड वाकडं, असा क्रम दिसला तर दोन वेगळे आजार समजू नयेत.

जबड्याच्या कोपऱ्यावरची कातडी मात्र ट्रायजेमिनलची नाही. ती मानेतून वर येणाऱ्या ग्रेट ऑरिक्युलर नसेची आहे.

घरी करायची तपासणी

आरशासमोर, दिवसाच्या उजेडात, दहा मिनिटं पुरतात. दुसऱ्या माणसाची मदत घ्या, कारण स्वतःच्या हाताने स्पर्श केला की कुठे लागतंय ते आधीच माहीत असतं.

डोळे मिटा. मदतनीसाने कापसाचं टोक आधी चांगल्या बाजूच्या कपाळाला, मग दुसऱ्या बाजूला हलकेच लावावं. नंतर गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, खालचा ओठ, हनुवटी. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: दोन्हीकडे सारखं लागतं का? मग हेच बर्फाच्या खड्याने करा, कारण थंडपणाची जाणीव कधी कधी स्पर्शाच्या आधी जाते. फरक जाणवला तर तिथे पेनाने कातडीवर हद्द आखा आणि मोबाइलवर फोटो काढा. ही हद्द महिन्याभरात वाढली की नाही, हे डॉक्टरांना कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त सांगून जातं.

मग हालचाल. भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा. अख्खी एक बाजू ढिली आहे की फक्त भुवई उचलत नाही, हे नीट बघा. एकच फांदी बंद पडली असेल तर शंका जास्त. तोंड हळूहळू उघडा. जबडा एका बाजूला वळत असेल किंवा एका कानशिलापाशी खड्डा पडला असेल, तर चावण्याच्या स्नायूंची नस दुबळी झाली आहे. शेवटी डोकं न हलवता बोटाच्या मागे डोळे डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवा आणि दोन बोटं दिसतात का ते सांगा. कानापुढे, जबड्याखाली आणि मानेत गाठ लागते का, तेही चाचपून घ्या.

नसांमध्ये आजार सापडलेल्या कित्येक रुग्णांना सुरुवातीला काहीच त्रास नसतो. तो फक्त पॅथॉलॉजीच्या काचेवर दिसतो. त्यामुळे ही तपासणी 'सगळं ठीक' आली म्हणून बायोप्सी किंवा फॉलोअप टाळायचा नाही.

कशाशी गफलत होते

बेल्स पाल्सी, म्हणजे अचानक तोंड वाकडं होणं, बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत पूर्ण जोर धरते आणि नंतर हळूहळू सुधारते. आठवड्यांमागून आठवडे वाढत जाणारी, एकेक फांदी बंद करणारी कमजोरी बेल्स पाल्सीसारखी वागत नाही. तीन महिन्यांत सुधारणा अपुरी असेल तर स्कॅन हवाच. पूर्वी त्या बाजूची गाठ काढलेली असेल तर तीन महिने थांबायचंही कारण नाही.

ट्रायजेमिनल न्युराल्जियात विजेचा झटका बसावा तशी कळ येते, क्षणभर टिकते, आणि बोलताना, चावताना, वारा लागताना सुटते. तिथे कायमचा बधिरपणा सहसा नसतो. बधिरपणा आहे आणि जळजळ दिवसभर चालू आहे, तर निदान पुन्हा तपासा. या न्युराल्जियावरच्या कार्बामाझेपिन गोळीने कळ कमी झाली म्हणून कर्करोग नाही असं ठरत नाही. गोळी कळ दाबते, कारण काहीही असो.

वरच्या दातांची कळ हा फसवा प्रकार. दुसऱ्या शाखेत आजार असेल तर दुखणं दातांत जाणवतं. एक्स-रेमध्ये दात निरोगी दिसत असेल तर तो उपटून घेऊ नका. एक उपटला की कळ शेजारच्या दातात गेल्यासारखी वाटते, मग तोही जातो.

कोकणात, किंबहुना महाराष्ट्रात कुठेही, चेहरा बधिर असेल तर कुष्ठरोगाचा विचार करावाच लागतो. त्यात सहसा फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असतो आणि मानेच्या बाजूला ग्रेट ऑरिक्युलर नस दोरीसारखी हाताला लागू शकते. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. मात्र कुष्ठरोगाचं औषध सुरू असताना जुन्या व्रणाजवळ गाठ वाढत असेल तर तिचा तुकडा वेगळा तपासा.

नागिणीत पुरळाचे फोड येतात आणि नंतर कळ उरते. फोडांचा इतिहास नसेल तर नागीण गृहीत धरू नका. आणि साखर हाताबाहेर गेलेल्या मधुमेही माणसाचा गाल अचानक बधिर झाला, सूज आली, नाकातून काळपट खपल्या पडू लागल्या, तर ती म्युकर बुरशी असू शकते. तिथे दिवस मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठायचं.

बायोप्सी: काय मागायचं, काय टाळायचं

वरवर खरवडून घेतलेला तुकडा या आजारात अपुरा पडतो, कारण नसा खोलवर असतात. पंच बायोप्सी (गोल पात्याने घेतलेला तुकडा) असेल तर साधारण ४ मिलिमीटरची, खालच्या चरबीपर्यंत पोचणारी हवी. गाठ पूर्ण काढली तर पूर्णच तपासायला जाते.

काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीकडे गेला पाहिजे. 'साधी चामखीळ आहे' म्हणून बादलीत टाकलेला तुकडा दोन वर्षांनी परत मिळत नाही. तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये, त्याच्या आकाराच्या निदान दहापट द्रवात बुडवायचा. सलाइनमध्ये किंवा कोरड्या बाटलीत पाठवला तर तो कुजतो. किनाऱ्यावरच्या दमट उष्ण हवेत हे आणखी लवकर होतं, आणि तालुक्याच्या गावाहून नमुना बसने किंवा कुरिअरने जाणार असेल तर ही बाब अगदी जातीने बघावी. बाटलीच्या झाकणावर नव्हे, बाटलीवरच नाव, बाजू (डावी की उजवी) आणि जागा लिहून घ्या.

पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर डॉक्टरांनी तीन गोष्टी लिहाव्यात: पूर्वी इथे काही काढलं होतं का, बधिरपणा किंवा मुंग्या आहेत का, आणि 'नसांमध्ये आजार आहे का ते कृपया पाहावे' ही ओळ. ती असली की पॅथॉलॉजिस्ट नसा मुद्दाम शोधतो, शंका आली तर आणखी काप घेतो.

रिपोर्ट हातात आला की 'पेरिन्युरल इन्व्हेजन' (नसेच्या आवरणात आजार शिरणं) किंवा 'पीएनआय' हे शब्द शोधा. नुसतं 'आहे' पुरेसं नाही. बाधित नसेची जाडी महत्त्वाची आहे. ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून जाड नस, किंवा डर्मिसपेक्षा, म्हणजे कातडीच्या आतल्या थरापेक्षा, खोल असलेली नस बाधित असेल, तर एजेसीसी या अमेरिकी समितीच्या, कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या पद्धतीच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे डोक्या-मानेवरचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा टी-३ टप्प्यात जातो, गाठ वरून कितीही लहान असली तरी. कवटीच्या तळाचं छिद्र बाधित असेल तर त्याहून पुढचा टी-४बी. जाडीचा उल्लेख रिपोर्टमध्ये नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडे लेखी पुरवणी मागा. तुकडा ज्यात जपलेला असतो तोच मेणाचा ब्लॉक पुन्हा बघून ती देता येते. गाठीचा व्यास, खोली, पेशी किती बिघडलेल्या आहेत आणि कडा मोकळ्या आहेत का, हेही तिथे असायला हवं.

एकदोन अगदी बारीक नसांना स्पर्श झालेला, रुग्णाला काहीच त्रास नसलेला आजार आणि मोठी नस पकडून लक्षणं देणारा आजार, या दोन वेगळ्या पातळ्या आहेत. पहिल्यात उपचारानंतर स्थानिक नियंत्रण, म्हणजे आजार त्याच जागी परत न येणं, बऱ्याच अधिक रुग्णांत टिकतं. दुसऱ्यात लढाई कठीण असते, म्हणून तिथे वेळ घालवणं जास्त महागात पडतं.

एमआरआय: साधा नव्हे, नसांचा

सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या स्कॅनवर जातात. 'ब्रेन एमआरआय नॉर्मल' या रिपोर्टने कित्येकांना खोटा दिलासा दिला आहे. साध्या मेंदूच्या एमआरआयचे काप जाड असतात आणि गालापासूनचा रस्ता त्यात नीट येतच नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर असं लिहून द्यावं: चेहरा आणि कवटीच्या तळाचा एमआरआय, गॅडोलिनियम कॉन्ट्रास्टसह, फॅट सप्रेशनसह, ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, ट्रायजेमिनल आणि फेशियल नसांचा कातडीपासून ब्रेनस्टेमपर्यंतचा (मेंदूच्या देठापर्यंतचा) पूर्ण रस्ता, सोबत जखमेची बाजू आणि लक्षणं. ३ टेस्लाचं यंत्र मिळालं तर उत्तम; नाही मिळालं तर १.५ टेस्लावरही काळजीपूर्वक केलेला स्कॅन उपयोगी ठरतो. रेडिऑलॉजिस्ट बघतो ते असं: नस जाड झाली आहे का, ती कॉन्ट्रास्टने उजळते का, छिद्रांभोवतीची चरबी दबली आहे का, चावण्याचे स्नायू सुकले आहेत का. छिद्र रुंदावलं आहे का, हे हाडांच्या सीटी स्कॅनमध्ये चांगलं कळतं, म्हणून कधी दोन्ही लागतात. पेट स्कॅन लांबच्या गाठींसाठी कामाचा आहे, पण बारीक नसेतला आजार त्याच्या नजरेतून सुटतो.

जाण्याआधी किडनीचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. पेसमेकर, कानातलं यंत्र, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, हे सगळं आधी सांगा. वेल्डिंगचं किंवा बोटीच्या इंजिनाचं काम केलेल्यांनी तर नक्कीच. चेहऱ्याच्या स्कॅनमध्ये गिळल्याने, हलल्याने चित्र बिघडतं, म्हणून पडून राहायला त्रास होत असेल तर तसं आधी कळवा. सीडी मागून घ्या. नुसत्या छापील फिल्मवर दुसरा तज्ज्ञ नस मोजू शकत नाही.

सुरुवातीचा आजार एमआरआयमध्येही दिसेलच असं नाही. लक्षणं वाढत असतील आणि स्कॅन स्वच्छ असेल, तर दोन-तीन महिन्यांनी तोच स्कॅन पुन्हा करणं किंवा बाधित वाटणाऱ्या नसेचा तुकडा घेणं, हे दोन्ही योग्य पर्याय आहेत. 'नॉर्मल आहे, जा' हा पर्याय नव्हे.

कुठे जायचं आणि बरोबर काय न्यायचं

या आजाराला एकटा सर्जन पुरत नाही. डोक्या-मानेचा कर्करोग सर्जन, रेडिएशन तज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि गरज पडल्यास न्यूरोसर्जन एकाच टेबलावर बसतात अशी जागा हवी. रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या सरकारी रुग्णालयात पहिली तपासणी, बायोप्सी आणि संदर्भपत्र, इतकं करून घ्या. पुढे मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं त्याचंच अ‍ॅक्ट्रेक केंद्र आहे; कोकण रेल्वेने येणाऱ्याला पनवेलला उतरून खारघर जवळ पडतं. सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्गकडचे लोक बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात, काही जण घाट चढून कोल्हापूरला. कुठेही जा, पण आधी विचारा की डोक्या-मानेच्या आजारासाठी आयएमआरटी तंत्राने (किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करून) रेडिएशन तिथे होतं का.

फाइलमध्ये पॅथॉलॉजीचा रिपोर्ट तर हवाच, त्याबरोबर मेणाचे ब्लॉक आणि काचा सुद्धा हव्यात. मोठं केंद्र त्या पुन्हा तपासतं, आणि त्यासाठी मागे गावी फेरी मारावी लागली तर आठवडा जातो. पहिल्या ऑपरेशनचा कागद, एमआरआयची सीडी, बधिर भागाचे तारखेसह फोटो, चालू गोळ्यांची यादी. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन येतात, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर दाखल होण्याआधीच नोंद करावी लागते. पैसे भरून झाल्यावर परत मिळवणं फार अवघड जातं. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते पहिल्याच भेटीत मागून घ्या.

उपचार

शक्य असेल तिथे आधी शस्त्रक्रिया. गाठ मोकळ्या कडांसह काढतात, आणि शरीरशास्त्रात नाव असलेली मोठी नस बाधित असेल तर ती मागे मागे कापत जातात. दर टप्प्यावर टोक फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच गोठवून करायच्या तपासणीला, पाठवतात आणि आजार नसलेलं टोक मिळेपर्यंत पुढे सरकतात. कानाजवळच्या आजारात पॅरोटिड ग्रंथी आणि मानेतल्या गाठीही काढाव्या लागू शकतात. आजार कवटीच्या छिद्राच्या अलीकडे आहे, छिद्रातून गॅसेरियन गँग्लिऑनपर्यंत गेला आहे, की त्याच्याही पलीकडे, यावर शस्त्रक्रियेचा आवाका ठरतो. पलीकडे गेलेल्या आजारात सुरीने तो पूर्ण निघत नाही आणि रेडिएशन किंवा औषधांवर भर द्यावा लागतो. नस कापली की तिथला बधिरपणा किंवा कमजोरी कायमची राहते. हे ऑपरेशनच्या आधी घरातल्या सगळ्यांनी ऐकलेलं असावं.

मोठी नस बाधित असेल तर शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन जवळपास नेहमी लागतं. ऑपरेशननंतरचा डोस साधारण ६० ते ६६ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), रोज २ ग्रेप्रमाणे, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा ते साडेसहा आठवडे. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर ७० ग्रेच्या आसपास. रेडिएशनचं क्षेत्र फक्त जखमेपुरतं नसतं. नसेचा कवटीच्या तळापर्यंतचा रस्ता त्यात घ्यावा लागतो. प्लॅनिंगच्या दिवशी 'नसेचा रस्ता घेतला का' असा प्रश्न जरूर विचारा. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं, म्हणून ऑपरेशनची तारीख मिळताच रेडिएशनची वेळही मागून ठेवा.

रेडिएशनच्या आधी दात दाखवा. जे उपटायचे ते आधी उपटा आणि जखम भरायला निदान दोन आठवडे द्या. नंतर त्या जबड्यातला दात काढला तर हाड मरण्याचा धोका आयुष्यभर राहतो.

मधे खंड पडू देऊ नका. डोक्या-मानेच्या कर्करोगात रेडिएशन लांबलं की आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. कोकणात हा प्रश्न दरवर्षी दोनदा उभा राहतो: 'आंबा उतरला की येतो' आणि 'गणपती झाले की येतो'. तारीख ठरवतानाच कॅलेंडर समोर ठेवा. गणपतीला घरी जायचंच असेल तर तसं आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे चुकलेला दिवस भरून काढायची सोय करता येते. पावसाळ्यात घाट बंद पडतात, रेल्वे खोळंबते, तेव्हा रोज ये-जा करण्याचा बेत आखू नका. सहा आठवडे रुग्णालयाच्या जवळ राहायची व्यवस्था करा. मोठ्या रुग्णालयांचा समाजसेवा विभाग धर्मशाळेसाठी मदत करतो.

ऑपरेशननंतरच्या रेडिएशनबरोबर कार्बोप्लॅटिन ही किमो दिल्याने फायदा होतो का, हे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मोठ्या चाचणीत पाहिलं गेलं. जास्तीचा फायदा दिसला नाही. कुणी सरसकट किमो सुचवली तर कारण विचारा. शस्त्रक्रिया आणि रेडिएशनच्या आवाक्याबाहेर गेलेल्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमात इम्युनोथेरपीने, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांनी, चित्र बदललं आहे. सेमिप्लिमॅब या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ते दर तीन आठवड्यांनी ३५० मिलिग्रॅम शिरेतून देतात. ते महाग आहे, आणि किडनी बदललेल्या रुग्णात ते नवी किडनी नाकारायला लावू शकतं, म्हणून किडनीच्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय सुरू करू नये.

जळजळीसाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन उपयोगी पडतात. गॅबापेंटिन बहुतेकदा रात्री ३०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. किडनी दुबळी असेल तर डोस कमी. ही औषधं अचानक बंद करायची नाहीत.

डोळा सांभाळा

फेशियल नस गेली की डोळा पूर्ण मिटत नाही. ट्रायजेमिनलची पहिली शाखा गेली की डोळ्यात कण गेलेलाही कळत नाही. दोन्ही एकदम गेल्या तर काही दिवसांत बुबुळावर व्रण पडून दृष्टी जाऊ शकते, आणि दुखत नसल्यामुळे माणूस उशिरा येतो. किनाऱ्यावरचा खारा वारा, वाळू, जांभ्या दगडाची तांबडी धूळ यांत हा धोका वाढतो.

दिवसा दर एक-दोन तासांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू घाला. रात्री डोळ्यात घट्ट मलम, आणि पापणी मिटून वर सौम्य चिकटपट्टी. बाहेर पडताना बाजूने बंद असलेला चष्मा. रोज सकाळी आरशात डोळा लाल आहे का, बुबुळावर पांढरा ठिपका आहे का ते बघा. दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. पापणी शिवून अर्धवट बंद करणं किंवा वरच्या पापणीत छोटं वजन बसवणं, या लहान शस्त्रक्रिया वेळेवर झाल्या तर डोळा वाचतो.

नंतरची तपासणी

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, मग अंतर वाढवत पाच वर्षांपर्यंत आणि पुढे वर्षातून एकदा. रेडिएशन संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी एमआरआय करून तो पाया मानतात, आणि पुढचा प्रत्येक स्कॅन त्याच्याशीच ताडून बघतात. म्हणून शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने करा आणि जुनी सीडी बरोबर न्या. उपचार यशस्वी झाल्यावरही नस बराच काळ उजळत राहू शकते. ती आहे तितकीच राहिली तर घाबरायचं कारण नाही, जाड होत गेली तर आहे. बधिरपणाही बहुधा तसाच राहतो. बधिरपणाची जुनी हद्द ओलांडली गेली, नवी कळ सुरू झाली, एकाचे दोन दिसू लागले किंवा मानेत गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा आणि जुन्या फोटोंसह जा.

प्रत्येक भेटीत उरलेली कातडीही बघून घ्या: कानाच्या कडा, खालचा ओठ, टाळू, मान, हातांची मागची बाजू. एकदा असा कर्करोग झालेल्याला दुसरा होण्याची शक्यता जास्त असते. समुद्रावर किंवा बागेत जाताना कान आणि मान झाकणारी रुंद कडांची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन ओठांसह, दर दोन तासांनी. घामाने आणि पाण्याने ते धुऊन जातं, तेव्हा पुन्हा लावा. सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात जे काम सावलीत होऊ शकतं ते सावलीत करा.